पुढे जाऊ देण्याचा सौदा आणि नुकसानीचा हिसाब

मोटारीच्या विम्याचा कागद आपण व्यापारी लोक दोनच कारणांसाठी उघडतो. हप्ता किती झाला आणि मुदत कधी संपते. त्याच कागदावर 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली बारीक अक्षरांत चार ओळी छापलेल्या असतात. खासगी मोटारीच्या पॉलिसीत तेथे लिहिलेले असते की गाडी भाड्याने किंवा मोबदल्यासाठी चालवली, स्वतःच्या सामानाखेरीज दुसरा माल वाहिला, संघटित शर्यतीत उतरवली, वेगाच्या चाचणीला नेली किंवा मोटारीच्या धंद्यासाठी वापरली, तर विमा लागू नाही. माल वाहण्याची ओळ आपल्याला ठाऊक असते, कारण गाडीत थान भरून नेले आणि क्लेम अडकला, अशी एखादी हकिकत प्रत्येक बाजारात ऐकू येते. शर्यतीच्या आणि वेगाच्या ओळीकडे मात्र कुणी पाहत नाही. आपला काय संबंध, असे वाटते.

आता संबंध येऊ लागला आहे. आमच्या कापड बाजारातील दोन-तीन घरांची मुले आपल्या गाड्या ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर नेतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे 1990 मध्ये सुरू झालेला ट्रॅक आहे, कोइंबतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आहे, जेथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. फी भरायची, हेल्मेट घालायचे आणि स्वतःची गाडी मन मानेल तशी पळवायची. याला ट्रॅक डे म्हणतात. या गाड्यांचे ब्रेक, टायर, सस्पेन्शन तयार करणारे हात पुष्कळदा आपल्याच कारागीर बांधवांचे असतात. म्हणजे गाडी आपली, मुलगा आपला आणि मिस्त्रीही आपला. मग नुकसान झाले तर ते कोणाच्या खात्यावर मांडायचे, हा प्रश्न या पानावर यायला हरकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर रात्री-अपरात्री पैजा लावून मोटारसायकली आणि मोटारी पळवण्यापेक्षा ट्रॅक शंभर पटीने बरा. मोटार वाहन कायद्याच्या 189 कलमात सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड. शिवाय रस्त्यावर ज्याचा जीव जातो तो बहुधा दूध आणायला निघालेला तिसराच माणूस असतो. तेव्हा शौक असेल तर ट्रॅकवरच पुरा करावा. माझा विरोध शौकाला नाही. शर्ती न वाचता केलेल्या सौद्याला आहे.

शर्यत निराळी, ट्रॅक डे निराळा

या शौकाची रीतभात पाहायची तर अमेरिकेकडे पाहावे लागते. तेथे बीएमडब्ल्यू, पोर्शे अशा गाड्यांच्या मालकांचे क्लब आहेत. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका आणि नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन यांच्यासारख्या संस्था आहेत. हे लोक वर्षभर ठिकठिकाणी ट्रॅक भाड्याने घेऊन हौशी चालकांना गाडी चालवायला शिकवतात. शर्यतीत बक्षीस असते, नंबर असतो, घड्याळ असते. इथे यांपैकी काहीच नसते. संध्याकाळी कोणी पहिला नसतो आणि कोणी शेवटचा नसतो.

माझा भाचा न्यू जर्सीत नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो असता त्याने मला मिलव्हिल गावाजवळच्या ट्रॅकवर नेले. मला वाटले होते मोठी धमाल असेल. प्रत्यक्षात सकाळी सकाळी शंभरेक माणसे शाळेतल्या मुलांसारखी ओळीने बसली होती आणि एक वयस्कर गृहस्थ त्यांना झेंड्यांचे अर्थ सांगत होते. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, कोणी कोणाला ओलांडायचे नाही. लाल म्हणजे मागचा-पुढचा पाहून गाडी ताब्यात ठेवून थांबायचे. काळा म्हणजे मुकाट्याने बाहेर येऊन आपला कसूर ऐकून घ्यायचा. निळ्यावर पट्टा असला तर मागे वेगवान गाडी आहे, आरसा पाहा. या सभेला जो हजर नाही त्याला ट्रॅकवर सोडत नाहीत, मग त्याने फी भरलेली असो आणि तो कितीही मोठा असामी असो. मला हे फार आवडले. आपल्या मंडईच्या बैठकीत असा नियम लावला तर अर्धे सभासद बाहेर बसतील.

चालकांचे गट पाडलेले असतात. नवख्यांचा गट वेगळा, थोडे सरावलेल्यांचा वेगळा, जाणकारांचा वेगळा. नवख्याच्या शेजारच्या सीटवर शिकवणारा बसतो. बहुतेक क्लबांत हे शिकवणारे हौसेने काम करतात. अनोळखी माणसाच्या गाडीत, अनोळखी माणसाच्या ब्रेकवर भरवसा ठेवून ते दिवसातून चार-पाच वेळा बसतात. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कडक ऊन होते, तरी सगळ्या गाड्यांच्या पुढच्या काचा खाली होत्या. मी भाच्याला विचारले, एसी बिघडला की काय?

तो हसला. म्हणाला, "मामू, काच वर असेल तर हात बाहेर कसा काढणार? इथे समोरच्याने हात दाखवल्याशिवाय मागच्याने पुढे जायचे नाही."

बोटाचा सौदा

सगळा मामला या हातात आहे. मागची गाडी वेगवान आहे असे आरशात दिसले की पुढचा चालक सरळ रस्ता येताच खिडकीतून हात काढतो आणि बोटाने बाजू दाखवतो. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असते. डावीकडून जा म्हणायचे असेल तर हात सरळ डावीकडे, आणि उजवीकडून जा म्हणायचे असेल तर हात टपावरून पलीकडे वळवायचा. बोट दिसले की सौदा झाला. बोट नाही तर सौदा नाही, मग मागचा कितीही घाईत असो. नवख्यांना हे फक्त ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच करता येते, वळणावर नाही. जाणकारांच्या गटात जागेचे बंधन सैल असते, पण बोटाचे बंधन अनेक क्लब तेथेही ठेवतात.

आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल आहे. तेथेही एक बोट म्हणजे एकच अर्थ असतो आणि नंतर कोणी फिरत नाही. ट्रॅकवर तसेच आहे. एका बोटावर एकच गाडी जाते. मागे तीन गाड्या लागल्या असतील तर तीन वेळा बोट दाखवायचे. पहिल्याच्या बोटावर दुसरा घुसला तर तो बिनपरवान्याचा माल झाला, आणि त्याला काळा झेंडा दाखवून बाहेर बोलावतात.

याउलट आपल्या घाटातले पाहा. कसाऱ्याच्या किंवा बोर घाटात ट्रकवाला उजवा दिवा लुकलुकवतो. त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतो आहे' असाही असतो आणि 'रस्ता मोकळा आहे, माझ्या उजवीकडून निघून जा' असाही असतो. कोणता अर्थ घ्यायचा हे मागच्याने आपल्या नशिबावर ठरवायचे. ज्या इशाऱ्याचे दोन अर्थ निघतात तो इशारा नसल्यापेक्षा वाईट. हॉर्नचेही तसेच आहे. ट्रकांच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये बंदी केली, तरी आपला हात हॉर्नवरून निघत नाही. हौशी ट्रॅकवर मागून हॉर्न वाजवणे किंवा दिवे मारणे हे अनेक ठिकाणी बेअदबीचे समजतात. मागच्याने आरशात दिसेल इतक्या अंतरावर यावे आणि धीर धरावा. बंपरला बंपर लावून समोरच्याला घाबरवू नये. तरीही समोरचा ऐकत नसेल तर पिटमध्ये शिरून, थोडे थांबून, मोकळ्या जागेत पुन्हा बाहेर पडावे. पाच मिनिटे जातात, पण गाडी शाबूत राहते.

बोट दाखवले म्हणून पुढच्याने मागच्याची जिम्मेदारी घेतली असे मात्र होत नाही, आणि हा मुद्दा आपल्या मुलांना नीट समजावून सांगितला पाहिजे. पुढच्याचे काम एवढेच की इजाजत वेळेवर द्यायची, आपल्या ओळीतून गाडी हलवायची नाही, आणि दिलेला शब्द मध्येच फिरवायचा नाही. सुरक्षित ओलांडून जाणे हे मागच्याचे काम. ब्रेक मारण्याची जागा जवळ आली आहे, आता पुरे होणार नाही असे वाटले तर त्याने बोट मिळूनही मागेच राहावे. इजाजत मिळाली म्हणजे ती वापरलीच पाहिजे असे नाही. उधारीवर माल देणारा सेठ भेटला म्हणून गोदाम भरणारा व्यापारी आणि बोट दिसले म्हणून वळणाच्या तोंडाशी घुसणारा चालक, दोघेही एकाच जातीचे.

ताकदवान गाडीचा गर्व

आता खऱ्या तकरारीकडे येतो. ट्रॅकवर भांडणे कोठून उगवतात हे विचाराल तर जाणकार बहुधा एकच उत्तर देतात. एखादी छोटी, हलकी गाडी असते, माझदाची मियाटा समजा. तिची ताकद कमी, पण चालवणारा हुशार. वळणावर तो मोठ्या गाडीला गाठतो, अगदी मागे येतो. मग सरळ रस्ता लागतो. मोठ्या गाडीवाला पाय दाबतो आणि तिप्पट ताकदीच्या जोरावर भुर्रकन पुढे निघून जातो. त्याला वाटते, पाहा, मीच वेगवान. पुढच्या वळणावर छोटी गाडी पुन्हा मागे. असे वीस मिनिटे चालते. छोट्याची फी वाया, त्याच्या मागे आणखी पाच गाड्या अडकतात, सगळ्यांचा संयम सुटू लागतो, आणि मग कोणीतरी बोटाची वाट न पाहता नाक घालतो.

रीत अशी आहे की ज्याने तुम्हाला गाठले तो तुमच्यापेक्षा वेगवान आहे. कोठे गाठले, कोणत्या किमतीच्या गाडीने गाठले, हा प्रश्न नाही. तुम्ही आधी तीस मीटर पुढे होता आणि आता नाही, एवढ्याने हिसाब झाला. मोठ्या गाडीवाल्याने बोट दाखवायचे आणि त्याचबरोबर पाय सैल करायचा. नुसते बोट दाखवून पाय दाबून ठेवणे ही फसवणूक आहे. वरून भाव कमी सांगायचा आणि मीटर आखूड मोजायचा, तसे.

पाय सैल केल्याने काय फरक पडतो ते आकड्यांत पाहू. पुढची गाडी ताशी 150 किलोमीटरने चालली आहे आणि मागची 160 ने. मागचीला अंतर तोडून, ओलांडून, पुढे सुरक्षित जागा घ्यायला समजा 30 मीटर जास्त कापावे लागतात. फरक ताशी 10 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला तीन मीटरही नाही. ओलांडायला जवळजवळ 11 सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात मागची गाडी सुमारे 480 मीटर रस्ता खाईल. बहुतेक ठिकाणी तोवर वळण येते आणि दोन गाड्या शेजारी-शेजारी त्या वळणावर पोहोचतात. आता पुढच्याने क्षणभर पाय उचलून वेग 130 वर आणला तर फरक 30 चा होतो. तेच काम साडेतीन सेकंदांत आणि 160 मीटरमध्ये उरकते. पुढच्याचे नुकसान किती? एका फेरीत दोन-तीन सेकंद, आणि तेही जेथे कोणी घड्याळ लावलेले नाही अशा ठिकाणी.

तरीही माणूस पाय उचलत नाही. हे मी बाजारातही पाहतो. मोठ्या पेढीवाला लहान दुकानदाराला गिऱ्हाईक सोडत नाही, स्वतःकडे तो माल नसला तरी. ट्रॅकवर हा गर्व लवकर उतरतो, कारण तेथे माणसे नजर ठेवून असतात. वळणावळणावर झेंडेवाले उभे असतात. दोन-तीन फेऱ्या कोणी अडवून धरले की निळा झेंडा, तरी ऐकले नाही की काळा. चारही चाके ट्रॅकबाहेर गेली तर अनेक क्लबांत लगेच पिटमध्ये येऊन काय झाले ते सांगावे लागते. गाडीला गाडी लागली तर चूक कोणाची हे ठरण्याआधीच दोघांनाही उतरवतात. यात सेठच्या गाडीला सवलत नाही. भाच्याच्या गटात एकाला असे उतरवलेले मी स्वतः पाहिले. गाडी एवढी किमती होती की आमच्या गल्लीतील चार दुकाने त्यात आली असती. तो हेल्मेट काखेत धरून मान खाली घालून ऐकत होता, आणि सांगणारा माणूस पेशाने शाळेतला मास्तर होता असे मागाहून कळले.

दस्तखत केलेला कागद आणि 45 लाख डॉलर

आता पैशाकडे. ट्रॅकवर जाणारा प्रत्येक जण फाटकावर एका कागदावर दस्तखत करतो. त्यात लिहिलेले असते की हा धोक्याचा शौक आहे हे मला ठाऊक आहे, मला काही झाले तर मी आयोजकांवर, ट्रॅकच्या मालकावर किंवा इतर चालकांवर दावा करणार नाही. या कागदामुळे हौशी ट्रॅकवर एक रिवाज पडला आहे की ज्याचे नुकसान त्याने भरायचे. दुसऱ्याने येऊन ठोकले तरी आपला पत्रा आपणच बदलायचा. ऐकायला अन्याय वाटतो, पण ज्याला हे परवडत नाही त्याने आपली गाडी तेथे नेऊ नये असाच त्याचा अर्थ आहे. तेथील जुनेजाणते लोक नवख्याला सांगतात की जी गाडी पूर्ण गेली तरी घर चालेल, तीच गाडी ट्रॅकवर आणावी. कर्जाच्या हप्त्यावरची गाडी नेणाऱ्याने याचा दोनदा विचार करावा.

पण कागदावर सही झाली म्हणजे सगळे मोकळे झाले असेही नाही. 2 जून 2005 रोजी कॅलिफोर्नियातील फोंटाना येथल्या स्पीडवेवर फेरारी मालकांच्या क्लबचा ट्रॅक डे होता. एक गृहस्थ सुमारे 600 अश्वशक्तीची पोर्शे करेरा जीटी चालवत होते, शेजारी त्यांचा मित्र बसला होता. सरळ रस्त्यावर भरधाव असताना पिटमधून एक फेरारी संथ वेगाने ट्रॅकवर आली. तिला चुकवताना पोर्शे ताब्यातून गेली आणि भिंतीवर आदळली. दोघेही ठार झाले. मित्राच्या विधवेने दावा लावला. सह्या झालेल्या होत्या, तरीही लावला.

दावा निकालापर्यंत गेला नाही, तडजोड झाली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या हकिकतीनुसार रक्कम सुमारे 45 लाख डॉलर होती. तिची वाटणी कशी झाली ते व्यापाऱ्याने नीट वाचावे. मरण पावलेल्या चालकाच्या मालमत्तेतून 49 टक्के, म्हणजे साधारण 22 लाख डॉलर. ट्रॅकवाले आणि आयोजक मिळून 41 टक्के. पोर्शे कंपनी 8 टक्के, कारण गाडीत घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्हती असा तिच्यावर आरोप होता. आणि पिटमधून आलेल्या फेरारीचा चालक 2 टक्के, म्हणजे सुमारे 90,000 डॉलर.

हे कोर्टाने ठरवलेले दोष नव्हेत, आपसांत ठरलेले पैसे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी त्यातून वारे कोणत्या दिशेचे होते ते कळते. अर्धा बोजा वेगात असणाऱ्यावर पडला. त्याच्यावरचा एक आरोप असा होता की गाडीच्या चालीत काही खोट आहे हे त्याला आधीपासून जाणवले होते आणि त्याने शेजारी बसणाऱ्याला ते सांगितले नाही. कापडातला डाग माहीत असून घडी घालून विकणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे 2007 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका खटल्यात, पोहताना बुडालेल्या मुलीच्या प्रकरणात, स्पष्ट सांगितले की घोर निष्काळजीपणाची जबाबदारी अशा सहीच्या कागदाने टळत नाही. म्हणजे साधी चूक कागद झाकतो, बेफिकिरी झाकत नाही.

विम्याचा मार्ग अमेरिकेतही बंद होत गेला. पूर्वी पॉलिसीत 'शर्यत' असा शब्द असे आणि लोक म्हणत की आम्ही शर्यत लावत नव्हतो, शिकत होतो. मग अनेक कंपन्यांनी शब्द बदलले. शर्यत असो की नसो, शर्यतीसाठी बांधलेल्या जागेवर गाडी गेली की विमा नाही. त्यावर तेथे एकेका दिवसाचा स्वतंत्र विमा निघाला. गाडीची किंमत आधी ठरवायची, त्या दिवसापुरता हप्ता भरायचा, आणि नुकसान झाले तर ठरलेला हिस्सा आपण सोसायचा, बाकी कंपनी देते. पण तोही साधारणपणे आपल्या गाडीपुरताच. दुसऱ्याच्या गाडीचे किंवा जिवाचे त्यात धरलेले नसते.

जर्मनीचा नमुना अगदीच निराळा आहे. न्यूर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक 1927 मध्ये सुरू झाला, लांबी 20.8 किलोमीटर. कोणीही तिकीट काढून त्यावर आपली गाडी घालू शकतो. मात्र त्या वेळी तो ट्रॅक नसून एकेरी वाहतुकीचा सार्वजनिक रस्ता समजला जातो आणि जर्मनीचे वाहतुकीचे कायदे लागू होतात. ओलांडायचे ते डावीकडूनच. संथ चालकाने उजवीकडे राहायचे आणि उजवा दिवा लावून 'तुला पाहिले, जा' असे कळवायचे. आमच्या घाटातला लुकलुकणारा दिवा तोच, पण अर्थ एकच ठरवलेला. लोखंडी कठडा वाकवला तर बदलण्याचा खर्च, गाडी ओढून नेण्याचा खर्च, सगळे बिल चालकाच्या हातात ठेवतात. लोक मुकाट्याने भरतात.

गॅरेजवाल्याची सही

कारागीर बांधवांसाठी चार शब्द. अमेरिकेतील अनेक क्लबांत गाडी ट्रॅकवर येण्यापूर्वी मिस्त्रीने तपासून तक्त्यावर सही करावी लागते. ब्रेकच्या पॅडची जाडी, ब्रेक ऑइलचे वय, चाकांचे नट, टायर, बॅटरी घट्ट बांधली आहे की नाही, तेलाची गळती, सीट बेल्ट. आपल्याकडे अजून बहुतेक वेळा गिऱ्हाईक येऊन म्हणते, 'चाचा, जरा ब्रेक पाहून घ्या, रविवारी ट्रॅकवर जायचे आहे', आणि काम तोंडीच होते.

ब्रेक ऑइलचे उदाहरण घ्या. हे ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषल्यावर तोच किमान 155 पर्यंत उतरलेला चालतो असे त्याच मापदंडात आहे. शहरातल्या रहदारीत 155 पुष्कळ झाले. ट्रॅकवर 150-160 च्या वेगातून दर मिनिटाला ब्रेक दाबले की ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल थेट फरशीला टेकते. मागच्या माणसाने बोट पाहून ओलांडायला सुरुवात केली आणि वळणाच्या तोंडाशी पेडल खाली गेले, तर जिम्मेदारी चालकाची आणि ऑइल दोन वर्षे न बदलणाऱ्या मालकाची. पण बोट तुमच्याकडेही वळेल. म्हणून बिलावर लिहा. काय तपासले, काय बदलले, काय बदलायला सांगितले होते आणि गिऱ्हाइकाने नको म्हटले. या कामाचे पैसेही वेगळे लावा. जोखमीचे काम चहापाण्यावर करायचे नसते.

याच ओघात कोइंबतूरची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथील करी मोटर स्पीडवे ज्यांच्या नावाने आहे ते एस. करिवर्धन कापड गिरणीच्या घराण्यातले. मारुती 800 चे इंजिन बसवून त्यांनी स्वस्तात शर्यतीच्या गाड्या तयार केल्या, त्यांना फॉर्म्युला मारुती म्हणत. श्रीमंतांचा शौक साध्या इंजिनावर आणि देशी कारागिरांच्या हातांनी उभा राहू शकतो हे त्यांनी दाखवून दिले. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचे कौतुक वाटते.

आता ज्यांच्या घरातून मुलगा निघालाच आहे त्यांच्यासाठी. फी भरण्यापूर्वी आयोजकाला विचारावे की गट पाडता का, नवख्याच्या शेजारी शिकवणारा बसतो का, ओलांडण्याचा नियम लेखी आहे का, आणि ट्रॅकवर रुग्णवाहिका दिवसभर उभी असते का. सही करायचा कागद आदल्या दिवशी मागवून घरी वाचावा. रांगेत उभे राहून वाचता येत नाही. आणि विमा कंपनीला आधी पत्र लिहावे. आपल्या कायद्यातच विमा कंपनीला 'संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी' ही सबब दिलेली आहे, म्हणून ट्रॅक डे त्यात मोडतो की नाही याचे उत्तर एजंटच्या तोंडून घेऊ नये. एजंट हो म्हणतो, कारण त्याला पुढच्या वर्षीचा हप्ता हवा असतो. पत्राच्या दोन प्रती कराव्यात, गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, ट्रॅकचे नाव आणि तारीख लिहावी, एक शाखेत द्यावी आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का व सही घेऊन ती पॉलिसीलाच टाचून ठेवावी.